पाचगणीचा फ्रेडी आणि एड्सविषयीची जागृती

ब्रिटनमधील ‘क्वीन’ या रॉक बँडचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी याचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमधील राहत्या घरी निधन झाले. त्या वेळी त्याचे वय अवघे ४५ वर्षांचे होते. आपल्याला एड्स झाला असल्याचे त्याने जाहीर केले होते ते मृत्यूच्या केवळ एक दिवस आधी. या आजारावर त्याने एकही गाणे लिहिले नाही, कोणत्याही व्यासपीठावरून भाषण केले नाही, की कोणत्या मोहिमेचे नेतृत्व केले नाही. असे असूनही एड्सविषयीच्या लोकजागृतीच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. हे कसे घडले, हे समजून घेणे महाराष्ट्रातील वाचकांसाठी दोन कारणांनी अगत्याचे आहे. या गायकाच्या संगीताची पायाभरणी सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाली, हे पहिले कारण. ज्या भीतीपोटी त्याने आजार लपविला, ती भीती आपल्या गावांतून आणि शहरांतून अद्याप पुरती गेलेली नाही, हे दुसरे.

झांझिबार ते पाचगणी

फ्रेडीचे मूळ नाव फारूख बलसारा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यानजीकच्या झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात झाला. हे घराणे मूळचे गुजरातमधील बलसाडचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. आडनाव त्यावरूनच आले. वडील बोमी बलसारा हे ब्रिटिश प्रशासनाच्या सेवेत रोखपाल होते. मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे, या हेतूने आई-वडिलांनी त्याला लहानपणीच समुद्रापार पाचगणीला पाठविले आणि तेथील सेंट पीटर्स या निवासी शाळेत दाखल केले.

सह्याद्रीच्या माथ्यावरील या थंड हवेच्या गावात त्याची जडणघडणीची वर्षे गेली. शाळेत तो पियानो शिकला, मुष्टियुद्ध व टेबल टेनिस खेळला, नाटकांत उभा राहिला. ‘फारूख’चा ‘फ्रेडी’ झाला तोही येथेच. वयाच्या बाराव्या वर्षी त्याने शाळासोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा छोटा बँड उभा केला. पाश्चात्त्य रॉक अँड रोलची लोकप्रिय गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवीत असत. पुढे जगभर गाजलेला हा गायक त्या बँडमध्ये मात्र पियानोवर बसे. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. रेडिओवर ऐकलेली चाल तो लगेच पियानोवर वाजवून दाखवीत असे, असे त्याचे चरित्रकार नमूद करतात.

१९६३ साली तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि जिवाच्या भीतीने अनेक भारतीय व अरब कुटुंबांनी बेट सोडले. बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले व लंडनजवळील फेल्टम येथे स्थायिक झाले. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये आरेखन कलेची पदविका मिळविली. पुढे ‘क्वीन’चे बोधचिन्ह त्याने स्वतःच रेखाटले.

‘क्वीन’ची कारकीर्द

१९७० साली गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह फ्रेडीने ‘क्वीन’ची स्थापना केली. बँडचे हे नाव त्याचेच. ‘मर्क्युरी’ हे आडनावही त्याने याच सुमारास धारण केले. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन सामील झाल्यानंतर चौघांची ही जुळणी अखेरपर्यंत टिकली. पहिला अल्बम १९७३ मध्ये आला.

बँडला जागतिक कीर्ती मिळाली ती १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याने. सुमारे सहा मिनिटांच्या या रचनेत संथ गीत, ऑपेराच्या धर्तीचे समूहगान आणि कडक रॉक असे परस्परांशी फारसे नाते नसलेले प्रकार एकत्र गुंफलेले होते. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी लावण्याचा तो काळ होता. इतके लांब गाणे कोणी ऐकणार नाही, अशी शंका घेतली जात असतानाही ते ब्रिटनच्या यादीत सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. १९७७ मधील ‘वुई विल रॉक यू’ आणि ‘वुई आर द चॅम्पियन्स’ ही गाणी तर जगभरच्या क्रीडांगणांवर आजही वाजतात. त्यांपैकी पहिले ब्रायन मेचे, तर दुसरे फ्रेडीचे.

फ्रेडीची खरी ताकद रंगमंचावर दिसे. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम झाला. त्यात ‘क्वीन’च्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली होती. तेवढ्या वेळात त्याने सारे मैदान आपल्या स्वरामागे गायला लावले. रॉक संगीतातील सर्वोत्तम सादरीकरणांत आजही त्या वीस मिनिटांची गणना होते. पुढे स्पेनच्या ऑपेरा गायिका माँसेरात काबाये यांच्यासमवेत त्याने ‘बार्सिलोना’ हा अल्बम केला, तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉक आणि ऑपेरा यांना एका मांडवाखाली आणण्याचा तो धाडसी प्रयत्न होता. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे ‘क्वीन’सोबत त्याने दिलेला कार्यक्रम या चौघांचा अखेरचा ठरला.

आजार आणि मौन

एड्सची पहिली वैद्यकीय नोंद अमेरिकेत ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध झाली. त्यास कारणीभूत असलेला विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी शोधला. आरंभीचे रुग्ण प्रामुख्याने समलिंगी पुरुष असल्याने पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी या आजाराला नीतिमत्तेचा विषय बनविले. रुग्णाला स्पर्श केल्याने, त्याच्या भांड्यातून पाणी प्यायल्याने आजार होतो, असे गैरसमज सर्वत्र पसरले होते. ब्रिटनच्या राजकन्या डायना यांनी एप्रिल १९८७ मध्ये लंडनच्या रुग्णालयात एका एड्सरुग्णाशी हातमोजे न घालता हस्तांदोलन केले, ही त्या काळात जगभर बातमी झाली, यावरून भीतीची कल्पना यावी.

फ्रेडीला आजाराचे निदान झाले ते याच वर्षी, १९८७ मध्ये. त्याने ही गोष्ट मोजक्या निकटवर्तीयांपुरती मर्यादित ठेवली. त्याची खालावलेली प्रकृती पाहून वृत्तपत्रांनी तर्क लढविले, छायाचित्रकार घराबाहेर पहारा देऊ लागले. तरीही तो नकारच देत राहिला. मात्र काम थांबले नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘इन्युएन्डो’ हा अल्बम आला. त्यानंतरही शक्ती असेल त्या दिवशी तो स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत जाऊन गात असे. ही ध्वनिमुद्रणे १९९५ च्या ‘मेड इन हेवन’ या अल्बममध्ये समाविष्ट झाली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या २०१८ च्या चित्रपटात फ्रेडी ‘लाइव्ह एड’च्या आधी सहकाऱ्यांना आजाराविषयी सांगतो, असे दाखविले आहे. प्रत्यक्षात तो कार्यक्रम १९८५ चा आणि निदान १९८७ चे. नाट्य वाढविण्यासाठी घेतलेली ही मोकळीक इतिहास मानता येणार नाही.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याच्या वतीने एक छोटे निवेदन प्रसिद्ध करण्यात आले. आपल्याला एचआयव्हीची लागण झाली असून एड्स झाला आहे. निकटवर्तीयांच्या खासगी आयुष्याच्या रक्षणासाठी आजवर हे गुप्त ठेवले. आता मित्रांना आणि चाहत्यांना सत्य कळावे व या आजाराविरुद्धच्या लढ्यात सर्वांनी सामील व्हावे, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यूमोनियाने त्याची प्राणज्योत मालवली. अंत्यसंस्कार लंडनमध्ये झरतुष्ट्री धर्मगुरूंच्या प्रार्थनेसह झाले.

मृत्यूनंतरची जागृती

एड्समुळे निधन पावलेला फ्रेडी हा पहिला प्रसिद्ध कलावंत नव्हे. अमेरिकन अभिनेता रॉक हडसन याचे ऑक्टोबर १९८५ मध्येच या आजाराने निधन झाले होते. फ्रेडीच्या निवेदनापूर्वी केवळ पंधरवडाभर आधी अमेरिकन बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने आपण एचआयव्हीबाधित असल्याचे जाहीर केले होते. फ्रेडीच्या बाबतीत वेगळेपण होते ते पुढील काही महिन्यांत त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामात.

डिसेंबर १९९१ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा प्रसिद्ध करण्यात आले, ते पुन्हा अग्रस्थानी पोहोचले आणि त्यातून मिळालेले उत्पन्न ब्रिटनमधील ‘टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट’ या एड्सविषयक संस्थेला देण्यात आले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ले मैदानावर स्मृती-मैफल झाली. सुमारे ७२ हजार श्रोते उपस्थित होते आणि अनेक देशांत तिचे दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपण झाले. एल्टन जॉन, डेव्हिड बोवी, जॉर्ज मायकल आदी गायकांनी फ्रेडीची गाणी गायिली. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांनी मंचावरून तरुणांना सुरक्षित संबंधांविषयी स्पष्ट शब्दांत सांगितले. न्यूयॉर्कच्या कलावंतांनी १९९१ मध्ये तयार केलेली लाल फीत या मैफलीत मोठ्या प्रमाणावर वाटण्यात आली आणि पुढे तीच या लढ्याची जगन्मान्य खूण ठरली. ज्या विषयावर घरात बोलले जात नव्हते, तो गाण्यांच्या निमित्ताने घराघरांत पोहोचला.

मैफलीच्या उत्पन्नातून १९९२ मध्ये ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ची स्थापना झाली. ही संस्था तेव्हापासून जगातील अनेक देशांतील एचआयव्हीविषयक शिक्षण व जागृतीच्या प्रकल्पांना साहाय्य देत आली आहे.

भारतातील प्रारंभ

भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत झाले. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या रक्तनमुन्यांतून ते केले. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे; चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. पुढे त्यांनी वडिलांच्या नावाने एड्स संशोधन व शिक्षण केंद्र काढले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘पद्मश्री’ देण्यात आली.

लागण उघड होणे म्हणजे काय, याचा अनुभव फ्रेडी लंडनमध्ये मौन बाळगून होता त्याच काळात गोव्यातील डॉमनिक डिसोझा या तरुणाने घेतला. तो नियमित रक्तदाता होता. रक्ततपासणीत तो बाधित आढळल्यानंतर फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांनी ताब्यात घेतले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये ६४ दिवस एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटे ठेवण्यात आले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. डॉमनिकची सुटका झाली. परंतु विलगीकरणाचा अधिकार देणारी तरतूद न्यायालयाने वैध ठरविली. त्याची नोकरी गेली. पुढे त्याने बाधितांसाठी गोव्यात संस्था सुरू केली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. २००५ चा ‘माय ब्रदर निखिल’ हा हिंदी चित्रपट त्याच्या जीवनावरून प्रेरित आहे. फ्रेडीने मौन का पाळले, या प्रश्नाचे उत्तर डॉमनिकच्या या कहाणीत सापडते.

कायद्याची दिशा बदलण्यास वेळ लागला. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका कामगाराच्या प्रकरणात, काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ एचआयव्हीबाधित असल्याच्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. त्या कामगाराला नाव गुप्त ठेवून दावा लढविण्याची मुभाही मिळाली. संसदेने २०१७ मध्ये एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संमत केला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार संमतीविना चाचणी करणे, रुग्णाची माहिती उघड करणे आणि शिक्षण, नोकरी वा उपचारांत भेदभाव करणे यांस मनाई आहे.

औषधांनी पालटलेले चित्र

फ्रेडीच्या हयातीत उपलब्ध असलेले एझेडटी हे औषध एकट्याने आजार रोखण्यास अपुरे होते. तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६ च्या सुमारास रूढ झाला, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी. मात्र त्याचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ या औषध कंपनीने हाच उपचार दिवसाला एक डॉलरहून कमी दरात देण्याची तयारी दर्शविली आणि गरीब देशांतील रुग्णांसाठी दार उघडले. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ झाला. २०१७ पासून, प्रतिकारशक्ती किती घटली याची वाट न पाहता, प्रत्येक बाधिताला निदान होताच उपचार देण्याचे धोरण आहे.

नियमित औषधे घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके घटू शकते, की ते चाचणीत दिसत नाही. ही स्थिती टिकून असेपर्यंत अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. बाधित मातेवर वेळीच उपचार झाल्यास बाळाला लागण होण्याचा धोका पाच टक्क्यांच्या खाली आणता येतो. उपचार नसल्यास तो १५ ते ४५ टक्के असतो.

क्षयरोग हा एचआयव्हीबाधितांना ग्रासणारा भारतातील प्रमुख आजार होय. या संदर्भात पाचगणीचा पुन्हा उल्लेख करावा लागतो. तेथील ‘बेल-एअर’ हे रुग्णालय विसाव्या शतकाच्या प्रारंभी डॉ. बिलिमोरिया या पारशी डॉक्टरांनी क्षयरोग्यांसाठी सुरू केले. पुढे ते रेड क्रॉसकडे आले आणि एचआयव्हीबाधितांवरील उपचारांचे राज्यातील एक महत्त्वाचे केंद्र बनले. ज्या गावात फ्रेडी पियानो शिकला, त्याच गावात, त्याला ज्याने ग्रासले त्या आजाराच्या रुग्णांची शुश्रूषा झाली आहे.

वाशीमसारख्या जिल्ह्यासाठी

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित होते. त्यांपैकी जवळपास चार लाख एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा नाही. अकोल्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या वाशीम जिल्ह्यात उद्योग मोजके आहेत. कोरडवाहू शेतीचा हंगाम संपला की कामासाठी बाहेरगावी जाणारी कुटुंबे येथे आहेत. स्थलांतरित कामगार हा घटक एड्स नियंत्रण कार्यक्रमात विशेष लक्ष देण्याचा मानला जातो. घरापासून दीर्घकाळ दूर राहावे लागणे आणि आरोग्यसेवेशी संबंध तुटणे ही त्याची कारणे होत.

चाचणी व समुपदेशनाची मोफत सोय वाशीमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आहे. अडचण असते ती तेथवर जाण्याची. महानगरातील गर्दीत माणूस अनोळखी राहतो. तालुक्याच्या गावी रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्याला चार ओळखीचे लोक सहज पाहतात. मग चाचणी पुढे ढकलली जाते, औषधे दूरच्या शहरातून आणली जातात किंवा मध्येच बंद होतात. औषधे खंडित झाल्यास विषाणू पुन्हा बळावतो आणि तीच औषधे निष्प्रभ ठरण्याचा धोका संभवतो.

गायकाने लोकशिक्षणाचे काम करावे, ही कल्पना वऱ्हाडाला नवी नाही. गाडगे महाराजांनी कीर्तनातून स्वच्छता शिकविली आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर ग्रामसुधारणा. एड्सविषयक मोहिमांतही पथनाट्ये व लोककला यांचा वापर होत आला आहे. तथापि फ्रेडीचे उदाहरण या परंपरेहून निराळे आहे. त्याने उपदेश केला नाही. लोकांचा आवडता असलेला माणूस आजारी पडू शकतो, एवढेच त्याच्या मृत्यूने दाखविले, आणि त्यातून रुग्णाकडे पाहण्याची अनेकांची दृष्टी बदलली.

वारसा

फ्रेडीच्या आवाजाचे आकर्षण आजही ओसरलेले नाही. २०१६ मध्ये युरोपातील संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचे शास्त्रीय विश्लेषण केले आणि त्याच्या स्वरातील कंप सर्वसाधारण गायकांपेक्षा अधिक जलद असल्याचे नोंदविले. माँत्रोच्या तलावाकाठी १९९६ पासून त्याचा पुतळा उभा आहे. त्याच्या भूमिकेसाठी रामी मालेक याला २०१९ मध्ये ऑस्कर मिळाले. २०२३ मध्ये लंडनमध्ये झालेल्या त्याच्या वस्तूंच्या लिलावातील काही रक्कम एड्सविषयक कार्यासाठी राखून ठेवण्यात आली.

त्याने आजार आधी जाहीर करायला हवा होता काय, यावर मतभेद आहेत. लवकर बोलला असता तर अधिक लोक सावध झाले असते, असे टीकाकार म्हणत. आजार सांगावा की नाही, हा रुग्णाचाच अधिकार आहे, असे दुसरी बाजू सांगते. भारताच्या २०१७ च्या कायद्यानेही तेच तत्त्व स्वीकारले आहे. मात्र जगापासून आजार गुप्त ठेवणे आणि डॉक्टरांपासून तो लपविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याचा हक्क प्रत्येकाला आहे, दुसऱ्याची किंमत जिवाने मोजावी लागते. फ्रेडीकडे पैसा, कीर्ती आणि उत्तम डॉक्टर होते, पण औषध नव्हते. आज औषध सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळते आणि १०९७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारता येते. उरते ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेची भीती. ती दूर करणे कोणत्याही औषधाला साधणारे नाही. ते काम रुग्णाच्या अवतीभवती राहणाऱ्यांनाच करावे लागेल.